रहिमाबीचा लेखी खुलासा

सतराव्या दिवशी रहिमाबीनं अनुप तेलगोटेला कामावरून काढून टाकलं. पूर्वसूचना दिली नाही, बाजू मांडायची संधी दिली नाही. सात महिन्यांची खुशी त्याच्या हातात ठेवली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.

असं काही झालेलं नाही. निदान अनुपच्या ऑफिसात कोणी विचारलं तर झालेलं नाही. बाई आठ दिवसांसाठी बार्शीटाकळीला गेली आहे, भावाच्या घरी लग्न आहे. लग्न कोणाचं, तर एकाला त्यानं पुतण्याचं सांगितलं आणि दुसऱ्याला पुतणीचं, त्यामुळे शाखेत आता अशी समजूत आहे की दोघांचंही एकाच मांडवात उरकताहेत. आपणही तसंच धरून चालू आणि सगळं ठीक होतं तिथून सुरुवात करू.

अनुप अकोल्यातल्या एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत होता. आलेल्या अर्जांमधल्या त्रुटी काढणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा माणूस जिल्ह्यात नव्हता. वारलेल्या वडिलांच्या जागी नोकरी मागणाऱ्या एका पोराचा अर्ज त्यानं 'वडिलांची स्वाक्षरी नाही' म्हणून परत पाठवला होता. आठ दिवसांनी पोरगा स्वाक्षरी घेऊन आला. तेव्हा अनुपनं दिनांक नाही म्हणून पुन्हा परत पाठवला.

त्याची बायको दीक्षा अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. नोकरी नवी, अजून कायम व्हायची. सकाळी सातची गाडी पकडायची आणि संध्याकाळी सातला घरी. बाळंतपणाची रजा संपत आली तसा प्राचार्यांचा फोन आला. एक तारखेला येणं जमलं नाही तर मग कधीच येऊ नका, असं ते फार गोड आवाजात म्हणाले.

"आईले बोलवू ना," दीक्षा म्हणाली.

अनुपची आई, सुंदराबाई, अमरावतीला एकटी राहायची. तिनं बावीस वर्षं तिथल्या एका साहेबाच्या बंगल्यावर मुलं सांभाळली होती. अनुपचं शिक्षण त्याच पगारातून झालं. ऑफिसात मात्र आईबद्दल विचारलं की तो म्हणायचा, "ती बालसंगोपन क्षेत्रात होती." हे इतकं खरं होतं की खोटं बोलल्याची टोचणी लागायची सोय नव्हती. पण लागायचीच.

आईनं फोनवर सरळ नाही म्हटलं. "बावीस वर्षं लोकाइचे पोट्टे सांभायले, पगार घेऊन. आता मी रिटायर हावो बाप्पा. माह्ये गुडघे पाय, अन् संध्याकाळी वाचनाचा वर्ग ऱ्हायते माहा." आई अठ्ठावन्नाव्या वर्षी विहारातल्या वर्गात वाचायला शिकली होती आणि तेव्हापासून दिसेल ते मोठ्यानं वाचायची. तिच्यासमोर बिस्किटाचा पुडा फोडायचा तर आधी त्यातले घटक पदार्थ ऐकून घ्यावे लागायचे.

म्हणून मग ऑफिसातला शिपाई चंद्रभान, जो गेली चार वर्षं पुढच्याच महिन्यात रिटायर होणार होता, तो एका रविवारी रहिमाबीला घेऊन जठारपेठेतल्या फ्लॅटवर आला. पंचावन्नच्या आसपासची बाई, डोक्यावर ओढणी, हातात कापडी पिशवी. अनुपनं चौदा रकान्यांचा अर्ज छापून ठेवला होता.

"नाव?"

"रहिमाबी."

"पूर्ण नाव सांगा."

"पूरंच हाय साहेब. आधं कोणी म्हणत नाही."

"अनुभव?"

"कायचा?"

"मुलं सांभाळण्याचा."

रहिमाबीनं बोटांवर मोजलं. "माह्ये पाच, बहिणीचे चार, आमच्या सुनेचे, महेजबीनचे दोन, अन् एका डाक्टरणीचे जुळे."

"लेखी काही आहे का?"

"लेखी तं एकही लेकरू नाही झालं साहेब. सगळे वैसेच हुए."

चंद्रभान जोरात हसला आणि मग खोकल्यासारखं केलं. तोवर खुशीनं रांगत येऊन रहिमाबीची ओढणी पकडली होती. नववा रकाना भरेपर्यंत ती तिच्या मांडीवर झोपूनही गेली. उरलेले पाच प्रश्न अनुपनं कुजबुजत विचारले.

आता कपाचं. कपाचं कधी ठरलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. दीक्षा एकदा म्हणाली, "लहान लेकरू आहे, त्या ऑटोत दहा जणांत बसून येतात." अनुप म्हणाला, "हो, हायजीन." हायजीन हा शब्द आला की पुढची चर्चा थांबते. दुसऱ्या दिवशी घरात एक नवा स्टीलचा कप आला. घासताना बाकीच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून दीक्षानं त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि अनुपनं तो खिडकीच्या कट्ट्यावर, भांड्यांच्या साबणाशेजारी ठेवला. रहिमाबीला कोणी काही सांगितलं नाही. तिनं पहिल्या दिवशी कप उचलला, उलटा करून बूड पाहिलं, चहा प्यायली, धुतला आणि होता तिथंच ठेवला. देवळाबाहेर माणूस आपली चप्पल ओळखतो तसा तिनं तो ओळखला.

कॅमेराही हायजीनसारखाच आला. हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो होता, त्याच्याच शेजारच्या खिळ्यावर तो बसला. तिथून हॉल पूर्ण दिसायचा आणि स्वयंपाकघराचा ओटा अर्धा. त्यात आवाजही यायचा, आणि एक बटण दाबलं की इकडून बोलताही यायचं. अनुपनं रहिमाबीला कॅमेरा दाखवला आणि म्हणाला, "हे खुशीसाठी आहे." रहिमाबीनं कॅमेऱ्याकडे पाहून सलाम केला.

तेव्हापासून अनुपचा फोन टेबलाच्या खणात उघडा असायचा. चंद्रभान फायली घेऊन यायचा तो मागेच उभा राहायचा.

"साहेब, खुशीनं कूस बदलली."

"दिसलं मला."

"डाव्या कुशीवर गेली. चांगलं ऱ्हायते ते. पचते."

खुशी चौदा दिवसांत गुबगुबीत झाली. दीक्षा गाडीत बसायची तेव्हा रडणं बंद झालं, तिचं आणि खुशीचं दोघींचंही. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "अनुप, बाई गेली ना, तर माझी नोकरी गेली समज. काही झालं तरी तिला दुखवू नको."

"मी कशाला दुखवू?" अनुप म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

मग तो मंगळवार आला. सकाळी अकरा चाळीसला अनुपनं खणात पाहिलं. रहिमाबी अर्ध्या दिसणाऱ्या ओट्यापाशी उभी राहून चहा गाळत होती. निळ्या फुलांच्या कपात. घरच्या कपात. ती आरामात हॉलमध्ये आली, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेल्या खुशीच्या शेजारी सतरंजीवर बसली आणि फुंकर घालत प्यायली.

चंद्रभानला त्यात काही दिसलं नाही. तो म्हणाला, "अद्रकाचा असन."

अनुपला मात्र खुर्चीत बसवेना. संध्याकाळी गाडीच्या आरशात पाहून त्यानं बोलायचा सराव केला. "रहिमाबी, ते कपाचं जरा..." पुढे वाक्य जाईना. "रहिमाबी, तसं काही नाही, पण..." तसं काही नाही तर मग कसं आहे, हे आरशातल्या माणसालाही सांगता येईना. रात्रभर हे वाक्य त्याच्या तोंडात फिरत राहिलं आणि बाहेर निघालं नाही. त्या जिभेला लाज असावी. ती तिथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण अनुप सरकारी माणूस होता, आणि तोंडानं जे बोलता येत नाही ते कागदावर बिनदिक्कत लिहिता येतं हे त्याला नोकरीनं शिकवलं होतं. बुधवारी दुपारी त्यानं ऑफिसात बसून टाईप केलं.

'विषय : घरातील कपाच्या अनधिकृत वापराबाबत.

उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण मंगळवार रोजी सकाळी ११.४० वाजता, आपणांस नेमून दिलेल्या कपाव्यतिरिक्त, घरातील कपात चहा प्राशन केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर बाब गंभीर आहे. तरी आपणाविरुद्ध कार्यवाही का करण्यात येऊ नये, याबाबतचा लेखी खुलासा चोवीस तासांत सादर करावा.'

खाली सही केली, जावक क्रमांक एक टाकला. मसुदा चांगला उतरला होता. 'प्राशन'वर तर तो खूश होता.

गुरुवारी सकाळी दीक्षा गाडीला गेल्यावर त्यानं पाकीट रहिमाबीच्या हातात दिलं आणि लगेच हेल्मेट घातलं.

"काय हाय साहेब?"

"कागद आहे एक. घरी महेजबीनकडून वाचून घ्या."

"पगार वाढला काय?" रहिमाबीनं विचारलं. हेल्मेटच्या आतून अनुप काहीतरी म्हणाला, ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.

साडेदहाला चंद्रभान चहा घेऊन आला तेव्हा खणात सुंदराबाई होती.

अनुपनं डोळे चोळले. आई हॉलमध्ये सतरंजीवर बसली होती, बाजूला तुरीच्या शेंगांची पिशवी, मांडीवर खुशी. न कळवता आली होती. गुडघे दुखतात म्हणणारी आई नातीला पाहायला नव्वद किलोमीटर एसटीनं आली होती, आणि दोघी बायांचं पाच मिनिटांत असं जमलं होतं की शेंगा सोलणं सुरू होतं.

"अन् हे काय पाकीट हाय वो बाई?"

"साहेबानं दिलं. महेजबीन वाचीन घरी."

"आण, मी वाचते ना," सुंदराबाई म्हणाली. तिनं चष्मा लावला. वाचायला मिळालं की तिचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला.

अनुपनं आईला फोन लावला. खणातल्या चित्रात तिच्या पिशवीत फोन वाजला. तिनं काढून कानाला लावला. "थांब रे, महत्त्वाचं वाचून राहिली," म्हणाली आणि ठेवला.

"प्रति... श्री-म-ती... रहिमाबी. पाय बाई, तुह्यं नाव छापून आलं."

रहिमाबीनं हात पुसले. ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि ताठ बसली.

"विषय. घ-रा-ती-ल... कपाच्या... अ-न-धि..." तो शब्द आईला जड गेला. ती पुढे सरकली. "उपरोक्त... हे असंच ऱ्हायते सरकारी. क-ळ-वि-ण्या-त येते की... आपणांस नेमून दिलेल्या... कपा..." ती थांबली. पुढचं तिनं मनातल्या मनात वाचलं, ओठ हलत होते. मग पुन्हा वरपासून सुरू केलं आणि या वेळी शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं, अडखळत, एकेक अक्षर सुटं करून. प्राशन हा शब्द तिला दोनदा वाचावा लागला. सही आली तेव्हा ती म्हणाली, "अ-नु-प."

चंद्रभानच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यानं कपबशी फायलीवरच टेकवली.

"कोणता कप?" सुंदराबाईनं विचारलं.

रहिमाबी उठली, खिडकीतून कप घेऊन आली, उलटा धरला. आईनं लाल ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

अनुपला तो अंगठा माहीत होता. अमरावतीच्या बंगल्यात मोरीच्या वरच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असायचा. त्याच्या तुटक्या जागेवर आईचा अंगठा नेमका बसायचा. शाळा सुटली की अनुप तिथं जायचा, मागच्या पायरीवर बसायचा, आणि आई अर्धा चहा स्वतः पिऊन अर्धा त्याला द्यायची. एकदा त्यानं आत ओट्यावर ठेवलेल्या पांढऱ्या कपाला हात लावला होता. कोणी मारलं नाही, कोणी रागावलंही नाही. फार चांगली माणसं होती. बाईसाहेबांनी फक्त तो कप उचलला आणि कढत पाण्यानं धुतला, त्याच्याकडे पाहून हसत. पाचवीतला अनुप त्या दिवशी घरी येताना आईचा हात न धरता चालला होता. हे सगळं तो विसरला नव्हता. त्यानं ते फक्त जुन्या फायलींच्या खोलीत ठेवलं होतं, जिथं कोणी जात नाही.

"उधर देखो," रहिमाबी म्हणाली. "साहब उसमे से देखते."

सुंदराबाईनं मान वर केली. आधी तिची नजर फोटोवर गेली, मग शेजारच्या खिळ्यावर. तिनं चष्मा सारखा केला आणि थेट अनुपकडे पाहिलं.

"अनुप? जेवला काय रे?"

पावणेअकरा वाजले होते. बोलायचं बटण पडद्यावर हिरवं दिसत होतं. अनुपचा अंगठा त्याच्यावर गेला आणि तसाच अधांतरी राहिला.

"सांगा ना साहेब," चंद्रभान हळूच म्हणाला. "नाही जेवलो म्हणा."

त्यानं बटण दाबलं नाही. आईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग ती उठली, दोरीवरचं खुशीचं लंगोट काढलं, आणि पडदा पांढरा झाला.

त्या दिवशी अनुपनं एकेचाळीस अर्ज तपासले आणि एकातही त्रुटी काढली नाही. जिल्ह्यातल्या एकेचाळीस माणसांची कामं एका दिवसात झाली. त्यातले दोघं तर संध्याकाळी पेढे घेऊन आले, आणि अनुपला ते खावे लागले.

घरी पोचला तर टेबलावर खुलासा ठेवलेला होता. चोवीस तासांची मुदत दिली होती, नवव्या तासाला सादर झाला होता. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर, मोठ्या गोल अक्षरात, ओळी उजवीकडे वर चढत गेलेल्या. अक्षर आईचं होतं.

'साहेबांना. मंगळवारी खुशीच्या हिरड्या सळसळत होत्या. दात येत आहे. ती फार रडली. माझा स्टीलचा कप मी फ्रीजमध्ये थंड करून तिला चावायला दिला. तिला बरं वाटलं. माझा कप तिच्या तोंडात होता म्हणून मी निळा घेतला. निळा दोनदा धुतला. रहिमाबी.' शेजारी अंगठा. खाली आणखी एक ओळ होती : 'लिहून देणार, सुंदराबाई देवमन तेलगोटे.'

अनुपचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. दिनांक नव्हता. हात पेनापर्यंत पोचला तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं की आपण काय करतोय, आणि त्याला स्वतःच्या हाताची किळस आली. रहिमाबी समोरच उभी होती, कडेवर खुशी, आणि तिनं तो हात पाहिला होता.

"पढ लिया?"

"रहिमाबी, माझं चुकलं. ते असंच आपलं..."

"कपाचं मले काही नाही साहेब. वैसे कप बहुत देखे मैंने. घरवाले कुछ बोलते नहीं, हम भी कुछ बोलते नहीं. तुमी कागदावर माह्यं नाव टाकलं. पहली बार किसी ने मेरे नाम का कागद दिया." तिचा आवाज चढला नव्हता. "मले वाटलं, सुंदराबाई वाचून राहिली, चांगलंच असन. मी ओढणी नीट घेतली. तवाची मले माहीच शरम वाटून राहिली."

अनुपनं लाल पेन खिशात आणखी खाली ढकललं.

"तर आज से तुम मेरे साहब नहीं. मैंने तुमको काम पे से निकाला." तिनं खुशीच्या कपाळाचा मुका घेतला आणि तिला त्याच्या हातात दिलं.

सातला दीक्षा आली. तिनं नोटीस वाचली, खुलासा वाचला, आणि पर्स खांद्यावरच ठेवून खुर्चीत बसली.

"तुला लिहायला कोणी सांगितलं होतं अनुप?"

म्हटल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. काय केलंस असं तिनं विचारलं नव्हतं. लिहिलंस कशाला असं विचारलं होतं. तिनं हाताच्या मुठी केल्या. नखं लाल होती.

"लिवलं म्हणून समजलं तरी," सुंदराबाई पिशवी आवरत म्हणाली. "आमच्या बाईसाहेबानं बावीस वर्षं काही लिवलं नाही. मी समजत होती, कोनाड्यात जागा हाय म्हणून ठेवते."

"आई, थांब ना चार दिवस," अनुप म्हणाला. "खुशीसाठी."

"थांबीन. माहा कप कोणता?"

तिनं हे टोमणा मारल्यासारखं विचारलंच नाही. परक्या घरी बाथरूम कोणतं म्हणून विचारावं तसं विचारलं, आणि उत्तरासाठी खरंच थांबली. दीक्षा उठून आत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज येत राहिला. आई ऑटो करून स्टॅण्डवर गेली.

दीक्षानं आठ दिवसांची बिनपगारी रजा टाकली. प्राचार्यांनी सोमवारपर्यंतच थांबू असं कळवलं, यावेळी आवाज गोड नव्हता. चंद्रभाननं शाखेत कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण शाखा सोडून बाकी अकोल्याला सांगितलं असावं, कारण शुक्रवारी पंचफुला नावाची एक बाई आली ती दारातच विचारती झाली, "कपवाले तेलगोटे ते हेच ना?"

"या ना, आत या," दीक्षा म्हणाली.

पंचफुलानं पिशवीतून एक कप काढून दाखवला. "मी माहा कप घेऊनच आली बाई. नोटीस नका देजा."

अनुप बाथरूममध्ये जाऊन बादलीवर बसला. बाहेर आला तेव्हा पंचफुला गेली होती. तिला काम नकोच होतं, ती म्हणाली, ती नुसतं पाहायला आली होती.

रविवारी अनुप रहिमाबीच्या घरी गेला. दोन खोल्या, दारात शेवग्याचं झाड, आत महेजबीनची दोन पोरं टीव्हीपुढे. रहिमाबीनं त्याला खाटेवर बसवलं. महेजबीननं कपाटाच्या वरच्या फळीवरून खोकं उतरवलं, त्यातून सोनेरी काठाचा कप काढला, पुसला, आणि चहा आणला. घरचे सगळे स्टीलच्या पेल्यांतून प्यायले. फुटला तर काय, या भीतीनं अनुपनं सोनेरी काठाचा कप दोन्ही हातांनी धरला, आणि दोन्ही हातांनी धरल्यावर तो कोणाकडून तरी भीक घेतल्यासारखा दिसायला लागला.

"रहिमाबी, उद्यापासून मॅडमची नोकरी जाते. कप फेकून दिला. कॅमेरा काढला. तुम्ही म्हणाल ते करतो."

"लेकरू कैसी है?"

"रडते."

रहिमाबीनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले, पण तेवढंच. "बेटा, मैं किसी का भी लेकरू संभालती. पर घर कैसा है, ये किसी ने तो बताना मंगता. मी तं सतरा दिवस काम केलं, मले समजलं नाही तुमी कसे हा ते. तुमच्या अम्मीले इचारा. रोज फोन करते ती मले. तिनं लिवून देल्लं, का हे पोरगं चांगलं हाय, तर सोमवारी सकायी मी हजर."

"लिहून?"

"हाव. लेखी. तुम्हारे इधर वैसाच चलता ना?"

अनुपनं शेवग्याखाली उभं राहून आईला फोन लावला. सगळं सांगितलं.

"खोटं कसं लिवू रे मी?" आई म्हणाली. "आता आता तं लिवाले शिकली."

"आई, दीक्षाची नोकरी..."

"अर्ज दे मंग. तुही रीत तीच हाय ना? फोनावर फोटो पाठवजो नोको. मले कागद लागते. पोस्टानं पाठव, मी वाचीन."

रविवारी पोस्ट बंद असतं हे तिलाही माहीत होतं, म्हणजे अर्ज घेऊन त्यालाच अमरावतीला जावं लागणार होतं. अनुप घरी आला, खुशीला दीक्षाकडे दिलं, आणि टेबलाशी बसून हातानंच लिहायला लागला. त्यानं आयुष्यात हजारो अर्ज वाचले होते, आणि हा त्याच्याच टेबलावर आला असता तर त्यानं तो दुसऱ्या ओळीवरच परत पाठवला असता.

'प्रति,
श्रीमती सुंदराबाई देवमन तेलगोटे,
अमरावती.

विषय : चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये विनंती अर्ज सादर करतो की, मी आपला एकुलता एक मुलगा असून जन्मापासून आपल्याच देखरेखीखाली वाढलो आहे. आपण कामावर असताना मी मागील पायरीवर नियमित हजर होतो, ही बाब आपणांस माहीत आहे. पाचवीत असताना एके दिवशी घरी येताना मी आपला हात धरला नव्हता. त्याचे कारण आपण त्या वेळी विचारले नाही व मीही कळविले नाही. त्यानंतरच्या काळात माझ्याकडून जे झाले ते माझ्या स्वाक्षरीनिशी आपल्या वाचनात आलेले आहे. त्याबाबत मला कोणताही खुलासा सादर करावयाचा नाही.

तरी, अर्जदार हा चांगल्या वर्तणुकीचा मुलगा असल्याबाबतचा दाखला, आपल्या हस्ताक्षरात, सोमवारी सकाळी सातच्या गाडीपूर्वी देण्यात यावा, ही नम्र विनंती.'